संस्थापकांचं दहावं बोट

१

विद्यादान हे सर्व दानांत श्रेष्ठ, कारण ते दिल्यानं कमी होत नाही. हे वाक्य कॉलेजच्या प्रवेशद्वारात संगमरवरावर कोरलेलं होतं. संगमरवर दानात आला होता, कोरण्याची मजुरीही दानात आली होती, आणि मजुरी देणाऱ्याचं नाव मूळ वाक्याच्या दुप्पट आकारात होतं.

या कॉलेजला दान द्यायचे नाना मार्ग होते आणि ते सगळे कार्यालयाबाहेरच्या पाटीवर लिहिलेले होते. रोख द्या, पुस्तकं द्या, जमीन द्या. हयातीत द्या, नाहीतर मृत्युपत्रानं द्या. कुणाच्या तरी स्मरणार्थ बाक द्या, पंखा द्या. त्यामुळे मुलं एका मावशीच्या स्मृतीवर बसत आणि एका आजोबांच्या स्मृतीखाली वारं खात. एका व्यापाऱ्यानं उत्तम वर्तनासाठी बक्षीस ठेवलं होतं. ते अजून कुणाला देता आलेलं नव्हतं.

पण या सगळ्यांवर कडी केली होती संस्थापकांनी. त्यांनी कॉलेजला तन, मन आणि धन दिलं, असं दर वर्षीच्या भाषणात सांगितलं जाई. धन इमारतीत गेलं. मनाचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलं नाही. तन मात्र जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात, एका आकड्याला टांगलेलं होतं.

ते आज सकाळपासून तिथे नव्हतं.

"आकडा आहे, कपाट आहे, कुलूपही शाबूत आहे," प्राचार्यबाई म्हणाल्या. "फक्त संस्थापक नाहीत."

हे त्या ज्यांना सांगत होत्या ते गृहस्थ याच कॉलेजातून निवृत्त झालेले तर्कशास्त्राचे प्राध्यापक. दर दुसऱ्या वाक्याची सुरुवात 'अर्थात'नं करायची सवय असल्यामुळे मुलांनी त्यांचं नाव अर्थातसर ठेवलं होतं, आणि आता त्यांची बायकोही त्यांना त्याच नावानं हाक मारत असे. नोकरीभर त्यांनी निष्कर्ष कसा काढावा हे शिकवलं. स्वतः काढायची वेळ आजच आली होती.

"अर्थात, पोलिसांना..."

"पोलीस नकोत. पोलीस आले की बातमी होते. दगडावरचं वाचलंयत ना तुम्ही?"

अर्थातसरांनी वाचलं होतं. सगळ्यांनीच वाचलं होतं. संगमरवराच्या शेजारी एक काळा दगड होता आणि त्याच्यावर संस्थापकांचे स्वतःचे शब्द होते: 'मी येथे उभा आहे तोवर ही भूमी विद्येची. मला हलवाल, त्या दिवशी ती माझ्या घराण्याची.' घराण्यात आता एक पुतण्या उरला होता. तो दर वर्षी स्मृतिदिनाला येई, कपाटात डोकावे, एक लांब सुस्कारा सोडून चहा पिई आणि परत जाई. स्मृतिदिन आज दुपारी होता.

"चार वाजता येतील. आणि या वर्षी एकटे नाही येत ते," प्राचार्यबाईंनी आवाज खाली आणला. "काकूंना घेऊन येतायत. संस्थापकांच्या पत्नी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सर, कपाट रिकामं दिसलं तर जमीन गेली, कॉलेज गेलं. कॉलेज घालवणारी प्राचार्य म्हणून माझा फोटो लागेल भिंतीवर. म्हणजे भिंत उरली तर."

"अर्थात."

"तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की चोरी झाली. कॉलेजनं हलवलं नाही, चोरानं नेलं. किल्ल्या तिघांकडे आहेत: मी, बेडूकसर आणि मावशी."

हे बोलणं व्हरांड्यात उभ्यानं चाललं होतं, कारण प्राचार्यबाईंच्या खोलीत म्हणे झाडलोट चालू होती. बाईंच्या काळ्या स्वेटरच्या बाहीला पांढरी भुकटी लागलेली होती. एवढी मोठी बाई अजून वर्गात जाऊन फळ्यावर खडू झिजवते, हे पाहून अर्थातसरांना भरून आलं. नेमकं त्यामुळेच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

२

बेडूकसर जीवशास्त्राचे प्रमुख. हे नाव त्यांना का पडलं ते सांगायला नको. त्यांचा चेहरा मूळचाच थोडा चकित होता, आज तर त्याची कमाल झाली होती.

"संस्थापकांचं वर्णन करा," अर्थातसर म्हणाले.

"वर्णन काय करणार? सांगाडा तो सांगाडा." बेडूकसरांनी चष्मा पुसला. "उंच होते. चांगलेच उंच. टाचा कपाटाच्या तळाला टेकायच्या. जबड्याला स्प्रिंग होती, दाबली की उघडायचा."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"रोज पाहतो."

"रोज?"

"म्हणजे, कपाट रोज पाहतो."

"अर्थात, कपाटाच्या आत?"

बेडूकसरांनी चष्मा पुन्हा पुसला. तो आता इतका स्वच्छ झाला होता की त्यातून पाहायची भीती वाटावी. "मी तक्त्यावरून शिकवतो, सर. हाडांचा तक्ता आहे, रंगीत. तोही देणगीतलाच. मग उगाच थोर माणसाला कशाला त्रास द्यायचा?"

"काकूंनी पाहिलं तर ओळखतील का हो त्या?"

हे अर्थातसरांनी सहज विचारलं. पण बेडूकसरांच्या हातून चष्मा पडला.

तो उचलायला दोघं एकदम वाकले, आणि वाकल्यावर अर्थातसरांना कपाटाचा तळ दिसला. तिथे वर्षानुवर्षांची धूळ गादीसारखी पसरली होती. मधोमध थोडी पांढरी भुकटी सांडलेली होती, बाकी तो थर अखंड होता. टाचेची खूण नाही की अंगठ्याची नाही.

संस्थापकांच्या टाचा तळाला टेकत होत्या म्हणावं, तर ते आजवर अधांतरी उभे होते.

३

"उंच?" मावशी म्हणाल्या. "छे हो. माझ्याएवढेच होते."

मावशी प्रयोगशाळेत साफसफाई करत. त्यांची उंची फारशी नव्हती, आवाज मात्र त्याची भरपाई करत असे. आता तोही खाली आला होता.

"बेडूकसर म्हणतात, टाचा टेकायच्या."

"ते बघतात कुठं? कपाटापुढून जाताना मान वळवून जातात. मला वाटायचं, माणूस घाबरट आहे. सगळे बेडूक कापतात, पण हाडांना भितात." मावशींनी पदार्थविज्ञानाच्या दिशेनं एक संशयी नजर टाकली. त्यांच्या हिशेबी वाईट ते सगळं तिकडूनच येई. "मी पुसते ना त्यांना. जबडा तारेनं बांधलाय. हलके आहेत बिचारे."

"स्प्रिंग नाही?"

"कसली स्प्रिंग? तार. चांगली गुंडाळलेली." मग त्या जवळ सरकल्या. "सर, एक विचारू? बाईमाणसाला आपला नवरा असा ओळखू येतो का हो? नुसत्या हाडांवरून?"

"अर्थात, मला काय ठाऊक? आमच्याकडे मी असाही ओळखू येत नाही. बाजारात समोर आलो तर बायको रस्ता विचारते."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी फडकं पिळलं. ते कोरडंच होतं.

अर्थातसर व्हरांड्यात आले. उंच आणि ठेंगणा. स्प्रिंग आणि तार. एकच वस्तू एकाच वेळी 'अ' आणि 'अ नाही' असू शकत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पोटतिडकीनं शिकवलं होतं. मुलांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आता सांगाड्यानंही घेतलं नाही.

आणि तेवढ्यात फाटकातून पुतण्या आत आला. चार वाजायला अजून खूप अवकाश होता.

४

"काकू गाडीतून मागाहून येतेय," पुतण्या म्हणाला. साठी ओलांडलेला, नीटनेटका, केस चापून बसवलेला माणूस. "मी जरा लवकर आलो. म्हटलं आधी एकटाच बघून घेतो."

"काय बघता?"

पुतण्यानं इकडेतिकडे पाहिलं. "बोटं."

अर्थातसर त्याला घेऊन एका बाकावर बसले. बाक कुणाच्या तरी लाडक्या आत्याचा होता.

"आमचे काका," पुतण्या सांगू लागला, "तरुणपणी छापखान्यात कामाला होते. तिथे यंत्रात डाव्या हाताचं एक बोट गेलं. नऊ बोटांचा माणूस. त्याच नऊ बोटांनी त्यांनी दारोदार पावतीपुस्तक फिरवून ही इमारत उभी केली. घरात मात्र शब्दाला किंमत नव्हती हो. घरजावई ना! चप्पल कुठे काढायची, तेसुद्धा काकूला विचारून. पण बाहेर? बाहेर वाघ."

"अर्थात. बोटांचं काय?"

"पहिली काही वर्षं मी यायचो तेव्हा कपाटात नऊच बोटं होती. या डोळ्यांनी मोजलीयत." पुतण्यानं स्वतःची बोटं पुढे धरली. "मग एका वर्षी आलो, तर दहा."

"दहा?"

"दहा. मेलेल्या माणसाला बोट फुटलं, सर! तेव्हापासून दर वर्षी येतो आणि मोजतो. दहाच भरतात. रात्री झोप येत नाही."

"मग कधी बोलला का नाहीत? हा सांगाडा काकांचा नाही, एवढं म्हणाला असतात तर जमीन तुमची झाली असती."

पुतण्यानं बाकाच्या पाटीवरचं आत्याचं नाव मोठ्या एकाग्रतेनं वाचायला घेतलं.

५

अर्थातसर तिथेच बसून राहिले. निवृत्त झाल्यापासून त्यांचं डोकं इतकं गोंधळलं नव्हतं, आणि निवृत्तीनंतर ते रोज भाजी आणायला जात असत.

तीन साक्षीदार, तीन वर्णनं. कुणीतरी खोटं बोलतंय, हे उघड. पण कोण? त्यांना परीक्षेच्या खोलीतली राखण आठवली. कॉपी करणाऱ्या मुलांची उत्तरं कशी असत? चुकीची, पण सारखी. खोटं बोलणारे आधी जुळवून घेतात. इथे तर कुणाचंच कुणाशी जुळत नव्हतं.

म्हणजे तिघंही खरं बोलत होते.

ते उठले. बेडूकसर, मावशी, पुतण्या आणि प्राचार्यबाई या सगळ्यांना त्यांनी प्रयोगशाळेत, रिकाम्या कपाटासमोर उभं केलं.

"अर्थात, एक सांगाडा उंच आणि ठेंगणा असू शकत नाही. त्याला नऊ आणि दहा बोटं असू शकत नाहीत. म्हणून सांगाडा एक नाही. या कपाटात आजवर तीन जण टांगले गेले. पहिला नऊ बोटांचा. दुसरा उंच, दहा बोटांचा, स्प्रिंगवाला. तिसरा ठेंगणा, तारवाला. आता मला सांगा, पहिला कुणी नेला? आणि जो माणूस बोटं वाढलेली बघूनही गप्प बसतो, त्याला गप्प बसायला कारण काय?"

पुतण्या मटकन स्टुलावर बसला.

"मीच नेला," तो म्हणाला. "तेव्हा इथे रंगकाम चाललं होतं, कपाट उघडंच होतं. मला बघवेना हो. सख्खा काका, आणि कुणीही यावं, जबडा हलवावा, हसावं! पोत्यात घातला, नदीकाठी नेला, रीतसर मूठमाती दिली. म्हटलं, आता कॉलेज बोंब मारेल. पुढच्या वर्षी भीत भीत आलो, तर काका हजर! मी नेला म्हणून सांगावं तर चोर ठरतो. न सांगावं तर हा कोण?"

"तो मी आणला," बेडूकसर अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मी नुकताच लागलो होतो. कपाट रिकामं दिसलं. वाटलं, माझ्याच हलगर्जीपणामुळे गेला, आता नोकरी जाणार, जमीन जाणार. डॉक्टर झालेला एक मित्र होता, त्याच्याकडून एक मिळवला. बोटाचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर त्या कपाटात बघायची छाती झाली नाही."

"म्हणून मान वळवून जायचे!" मावशी म्हणाल्या, आणि जीभ चावली.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"पडला माझ्या हातून," मावशी म्हणाल्या. "पुसताना आकडाच निसटला. डोकं फुटलं, बरगड्या विखुरल्या. कुणाला सांगू? गोळा केला, पोत्यात भरून माळ्यावर ठेवलाय. टाकवेना. माझे दीर नाटकांचे पडदे, पुतळे करतात. त्यांनी एक करून दिला, प्लास्टरचा. माप घ्यायला मीच उभी राहिले होते."

इतकी वर्षं बेडूकसरांनी आणि मावशींनी एकमेकांना रोज नमस्कार केला होता, आणि दोघांनाही वाटत होतं की कॉलेज आपण एकट्यानं वाचवलं.

"पण मग आजचा कुणी नेला?" पुतण्या म्हणाला. "मी नाही नेला, देवाशपथ."

"मी नाही."

"मीही नाही."

"अर्थात," अर्थातसर म्हणाले, "तळाशी पांढरी भुकटी आहे. मला वाटलं खडू. पण मावशींचा सांगाडा प्लास्टरचा, हात लावला की भुकटी सुटणारा. आज सकाळी मी अशीच भुकटी एका काळ्या स्वेटरच्या बाहीवर पाहिली आणि मनात म्हटलं, वा, काय निष्ठा! पण बाई, प्राचार्य झाल्यापासून तुम्ही एक तरी तास घेतलाय का?"

प्राचार्यबाईंनी बाही पाठीमागे लपवली. मग ती लपवून उपयोग नाही, हे लक्षात येऊन पुढे घेतली.

"काकू येणार म्हणून काल सांगाडा स्वतः पुसायला गेले," त्या म्हणाल्या. "फडकं पांढरं झालं. म्हटलं, संपलं. नकली आहे! बायको समोर उभी राहिली की एका नजरेत ओळखणार. आणि कॉलेजनं बदलला म्हणजे कॉलेजनं हलवला. त्यापेक्षा चोरी झालेली काय वाईट? चोराला दगडावरची अट लागू नाही. माझ्या खोलीतल्या कपाटात आहे."

"आणि मला का बोलावलंत?"

"साक्षीला शहाणा माणूस हवा होता. तुम्ही काही शोधून काढाल, असं वाटलं नव्हतं हो. रागावू नका."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

६

काकू आल्या तोवर सांगाडा आकड्यावर परत गेला होता. घाईत पाठमोरा लागला होता. बेडूकसरांनी त्याला खांदा धरून वळवला आणि कितीतरी वर्षांनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

काकू खूप म्हाताऱ्या होत्या, काठीला धरून हळूहळू आल्या. खुर्ची दिली, पण बसल्या नाहीत. कपाटापुढे उभ्या राहिल्या. प्रयोगशाळेत कुणी श्वास घेत नव्हतं. हे त्या कपाटातल्यालाच काय ते सोपं जात होतं.

"हा कुणी केला?" काकूंनी विचारलं. "मान छान जमलीय."

मावशींनी डोळे मिटले. प्राचार्यबाई पुढे झाल्या, अडखळल्या, आणि शेवटी अर्थातसरांनीच सगळं सांगितलं: पहिला, दुसरा, तिसरा, पोतं, नदी, माळा, बाही. काकू मान डोलवत ऐकत होत्या. पुतण्या रडत होता.

"काकू, चुकलो गं. पण काकांना मी नीट निरोप दिला."

"काकांना?" काकू म्हणाल्या. "अरे वेड्या, ते इथे आलेच नव्हते कधी."

आता मात्र सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

"त्यांचं सगळं रीतसर मीच केलं, गेले त्याच दिवशी," काकू म्हणाल्या. "इथे मी एक विकत आणून पाठवला होता. लोकांना संशय नको म्हणून एक बोट काढून टाकलं. स्वयंपाकघरातल्या सुरीनं. केवढा वेळ लागला!"

"पण त्यांची इच्छा होती," प्राचार्यबाई म्हणाल्या. "देह कॉलेजला द्यायचा..."

"होती ना. पण त्यांचे गुडघे फार दुखायचे. रात्र रात्र मी चोळून द्यायची. त्या माणसाला मी कायमचं उभं कसं ठेवणार?"

वर पंखा गरगरत होता, कुणाच्या तरी आजोबांचा.

"मग मी नदीकाठी कुणाला..." पुतण्या म्हणाला.

"कोण होता बिचारा, कुणास ठाऊक. तुझ्यामुळे त्याला निरोप तरी मिळाला. चांगलं केलंस."

पुतण्यानं डोळे पुसले. आणि पुसता पुसता त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक नवा विचार उगवला. तोच विचार प्राचार्यबाईंच्या चेहऱ्यावरून रंग घेऊन गेला.

"म्हणजे," पुतण्या म्हणाला, "काका इथे एक दिवसही उभे नव्हते. दगडाप्रमाणे ही जमीन..."

"अर्थात," अर्थातसर मध्येच बोलले. त्यांचं डोकं सकाळपासून पहिल्यांदाच स्वच्छ झालं होतं. "तुम्हीच मला सांगितलंत, काका छापखान्यात कामाला आणि सासऱ्यांच्या घरी राहायला. घरजावई. चप्पल कुठे काढायची ते विचारून काढणाऱ्या माणसाकडे एवढी जमीन आली कुठून?"

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

"माझ्या वडिलांची," काकू म्हणाल्या. "त्यांनी मला दिली, मी कॉलेजला दिली. अट नाही, काही नाही."

"पण तो दगड?" प्राचार्यबाईंनी विचारलं.

"तो त्यांनी हौसेनं कोरून घेतला. जमीन माझी, इमारत लोकांच्या वर्गणीची. त्यांच्याकडे स्वतःचं द्यायला तेवढा देहच होता. म्हटलं, असू दे. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही."

पुतण्यानं एक लांब सुस्कारा सोडला, दर वर्षीसारखाच. मावशी चहा सांगायला गेल्या.

प्राचार्यबाई भानावर आल्या तशा म्हणाल्या, "काकू, तुमचं नाव लावलं पाहिजे. आजच लावू." आणि त्यांनी नाव लावायला जागा शोधायला सुरुवात केली. बाकांवर नावं होती, पंख्यांवर होती, खिडक्यांवर, घड्याळावर, हात धुवायच्या नळावर होती. काकू म्हणाल्या, "राहू दे. मागच्या भिंतीला ओल आलीय, येताना पाहिलं. ती आधी बघा."

प्लास्टरचा सांगाडा अजून त्याच कपाटात आहे. भाषणात अजून तन, मन, धन येतं. वार्षिक परीक्षेत सांगाड्यावर दोन गुणांचा प्रश्न असतो. तो ऐच्छिक आहे.